आप्पांचं मीटर

घर विकलं की माणूस घर सोडतो, असा माझा समज होता. तो आप्पांनी काढला.

खरेदीखताच्या दिवशी त्यांनी सगळं रीतसर केलं. सह्या केल्या, अंगठे दिले, फोटोसाठी टोपी सारखी करून बसले, आम्ही आणलेले दोन पेढे खाल्ले आणि तिसरा रुमालात बांधून घेतला. मग ऑफिसच्या पायऱ्या उतरताना आमच्या ह्यांना म्हणाले, "घर तुमचं, पाव्हणं. मीटर माझं."

आम्ही दोघं हसलो. म्हाताऱ्या माणसाची गंमत वाटली. त्या हसण्याची पुढं दोन वर्षं मला लाज वाटत राहिली.

त्याआधी नऊ वर्षं आम्ही शिक्रापूरला एका खोलीत काढली होती. हायवेला लागून चाळ, दहा खोल्या, सगळे कंपनीत जाणारे. जड ट्रक गेला की मांडणीवरचे डबे किणकिणायचे. मीटर मालकाचं, आणि प्रत्येक खोलीला एक बल्ब, एक पंखा, एक प्लग असं ठरलेलं. मिक्सर लावायचा तर पंखा बंद करायचा. म्हणून शिरूरला हे घर बघायला आलो तेव्हा मी खोल्या बघितल्या, मोरी बघितली, घोडनदीकडं उतरणाऱ्या रस्त्याला असलेलं अंगण बघितलं, पण मनात एकच होतं. इथं मला वाटेल ते बटण वाटेल तेव्हा दाबता येईल.

आप्पा मार्केट यार्डात मापाडी होते. सगळी नोकरी काट्यापुढं गेली. बायको वारल्यावर दौंडला मुलाकडं राहायला जायचं ठरलं आणि म्हणून त्यांनी घर विकायला काढलं. उंच, वाळके, पांढरा लेंगा, पांढरा शर्ट, खिशाला कायम एक पेन. ते पेन चालत नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

ताबा घ्यायला आम्ही टेम्पोत सामान भरून आलो, तर घरात एकही बल्ब नव्हता. बल्ब नेले हे समजू शकतं. होल्डरही नव्हते. भिंतीतले बोर्ड उचकटून नेले होते आणि वायरींच्या टोकांना काळी टेप नीट गुंडाळून ठेवली होती. दाराची बेल नेली होती. मोरीतला पितळी नळ काढून पाइपात लाकडाची खुंटी ठोकली होती. पडद्याच्या दांड्या गेल्या, दांड्यांचे खिळे गेले. मी ह्यांना म्हटलं, "चौकटी ठेवल्यात, उपकारच म्हणायचे." हे म्हणाले, "मोठं माणूस आहे. जाऊ दे."

ह्यांचं हे वाक्य मी त्या दोन वर्षांत इतक्यांदा ऐकलं, की झोपेत कुणी म्हटलं असतं तरी मी उठून बसले असते.

मीटर तेवढं जागेवर होतं. त्याला वीज कंपनीचं सील होतं म्हणून. किल्ली द्यायला आलेल्या आप्पांनी ते सीलसुद्धा चिमटीत धरून हलवून बघितलं. मी समोर उभी होते, माझी त्यांना लाज वाटली नाही.

महिना झाला आणि एका सकाळी ते दारात आले. दारात म्हणजे आतच. हाक नाही, कडी वाजवणं नाही. चपला उंबऱ्याबाहेर काढल्या, सरळ पुढच्या खोलीतल्या मीटरखाली जाऊन उभे राहिले, हात पाठीमागं, मान वर. बराच वेळ बघत होते. मला वाटलं, चक्कर वगैरे येते की काय.

"मागच्या येळंला सोडून गेलो तवापासनं लय पळालंय हे," ते म्हणाले. आकडा त्यांच्या डोक्यात होता. कुठं लिहून ठेवलेला नव्हता. "येवढं करता काय तुम्ही?"

मी म्हटलं, "राहतो, आप्पा."

"ऱ्हावा की. ऱ्हायाला लाईट कशाला लागती?"

मग त्यांनी फ्रिजच्या अंगाला तळहात लावून बघितला, जसा तापाच्या माणसाच्या कपाळाला लावतात तसा. टीव्हीच्या मागं वाकून बघितलं. जाताना बिलाचा कागद मागितला. बिल आमचे हे मोबाइलवर भरत होते, कागदाचं आम्हाला काही काम नव्हतं, म्हणून दिला. त्यांनी त्याच्या दोन घड्या घातल्या आणि आतल्या खिशात ठेवला. तो कागद न्यायला ते दर महिन्याला न्हावऱ्यामार्गे एसटीनं यायचे. दौंडहून शिरूर, शिरूरहून दौंड, एका कागदासाठी.

नळाचं त्यांना काही नव्हतं. नळपट्टी घरपट्टीबरोबर आमच्या नावावर झाली, त्यावर ते एक शब्द बोलले नाहीत. मी मुद्दाम विचारलं तर म्हणाले, "पाणी देवाचं हाय. लाईट माझी हाय." असं बोलून ते अशा चेहऱ्यानं बघायचे, की समोरच्यानं आता मान हलवावी. माझे हे हलवायचे.

आणखी एक त्यांचं लाडकं वाक्य होतं. "लाईट म्हंजी पाव्हणा हाय. काम झालं का वाटंला लावायचा." आणि आम्हालाही ते पाव्हणंच म्हणायचे. तेव्हा काम झालं की वाटेला लावायचं कुणाला, हे मला नीट कळत होतं.

माझे वडील कवठे येमाईचे. गावच्या सोसायटीत चार वर्षं चेअरमन होते, त्यांच्यापुढं आवाज चढवून बोलायची कुणाची टाप नाही. पहिल्या मे महिन्यात ते लेकीचं घर बघायला आले. मी पुरणपोळी केली होती. ते पंख्याखाली पाटावर बसले, पहिला घास घेतला आणि आप्पा आले. मीटर बघितलं, वर पंखा बघितला, भिंतीपाशी गेले आणि बटण बंद केलं.

"वाऱ्यानं जेवान गार व्हतंय," ते माझ्या वडिलांना म्हणाले, आणि शेजारी बसून राहिले.

वडिलांना वाटलं, ह्या घरातलं कुणी वडीलधारं माणूस असेल. ते घाम पुसत जेवले. मी ह्यांच्याकडं बघितलं. हे ताटाकडं बघत होते. मी उठून पंखा लावला. आप्पांनी तो परत बंद केला. मी परत लावला. तेव्हा ते उठले आणि जाता जाता वडिलांना म्हणाले, "लेक तापट हाय तुमची." वडील निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "घर तुम्ही घेतलंय ना गं नक्की?"

त्या दिवसापासून मला नाव बदलून हवं होतं.

वीज कंपनीच्या ऑफिसबाहेर झेरॉक्सचं दुकान आहे. तिथला माणूस लोकांचे फॉर्म भरून देतो. त्यानं आमचं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की जुन्या ग्राहकाची सही लागेल, त्याच्याशिवाय आत कुणी हात लावणार नाही. तो इतका ठाम बोलला की आम्ही आत गेलोच नाही. फॉर्म घेतला आणि घरी आलो. आप्पांना मी नावं ठेवते, पण हा शहाणपणा आमचा.

पहिल्यांदा फॉर्म पुढं केला तेव्हा आप्पा म्हणाले, "सही कुठं पळून चालली काय?" दुसऱ्या खेपेला चष्मा विसरले होते. तिसऱ्या खेपेला त्यांच्या पेनात शाई नव्हती आणि दुसऱ्याच्या पेनानं ते सही करत नसत. मी आतून नवं पेन आणलं, ते त्यांनी हातात घेतलं, टोपण काढून कानापाशी हलवलं आणि खाली ठेवलं.

चौथ्या खेपेला त्यांनी शेवटी माझ्याच पेनानं सही केली. मी श्वास रोखून बघत होते. स्वतःचं नाव लिहिलं, वडिलांच्या नावाचं पहिलं अक्षर काढलं आणि पेन उचललं.

"आडनाव राहिलं, आप्पा."

"आज येवढीच. बाकीची पुढच्या खेपंला."

अर्धी सही मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली. मी रागानं पेनाला टोपण लावलं आणि हे म्हणत होते, "निम्मं तर झालं." पुढच्या खेपेला आप्पांनी तो फॉर्म उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, "ही सही कुणाची? माझी न्हाई."

दुसऱ्या वर्षी मी शेवयांचं मशीन घेतलं. आमच्या भागात होळी झाली की बायका रवा भिजवून शेवया करून घ्यायला डबे घेऊन निघतात. दोन महिने मशीन थांबत नाही. धंद्याचं वेगळं कनेक्शन घ्यायला हवं होतं, ते मला माहीत होतं. पण ते घ्यायचं तर आधी घराचं मीटर नावावर हवं, असं त्याच झेरॉक्सवाल्यानं सांगितलं. तोवर मी मशीन घरच्याच लाइटवर चालवलं. चूक होती. पण चाळीस घरांनी माझ्याकडं नंबर लावले होते आणि माझ्या हातात पहिल्यांदाच काहीतरी येत होतं, ज्याच्यासाठी कुणी मला नावानं ओळखत होतं. अमक्याची बायको म्हणून नाही. शेवयावाली ताई म्हणून.

आप्पांनी मशीन बघितलं तेव्हा ते चालू होतं. अंगणात बायका बसल्या होत्या, काठ्यांवर शेवया वाळत होत्या. ते मीटरखाली गेले. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"माझ्या नावावर गिरणी चालवता?"

"तुमच्या नावावर नको म्हणूनच सही मागतेय, आप्पा. करा ना."

"आसं घोड्यावानी पळवतं का कुणी?" ते मीटरबद्दल बोलत होते. बायकांसमोर ते मीटरला हात लावून उभे राहिले, दमलेल्या बैलाला धरून उभं राहावं तसे. बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

त्या आठवड्यात मी दौंडला गेले. ह्यांना न सांगता गेले. मुलाला भेटून सरळ बोलायचं ठरवलं होतं.

नवी इमारत, दुसरा मजला. सुनेनं दार उघडलं. हॉलच्या कोपऱ्यात खिडकीपाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर आप्पा बसले होते. टोपी नव्हती, डोकं उघडं. मला बघून उठायला लागले आणि परत बसले. सून स्वयंपाकघराकडं जाता जाता थांबली, भिंतीवरचं बटण दाबून त्यांच्या डोक्यावरचा पंखा बंद केला आणि म्हणाली, "खिडकी उघडी हाय ना, आप्पा."

 आप्पांनी बटणाकडं बघितलंसुद्धा नाही.

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू? माझ्या वडिलांचा घाम मला आठवला आणि मी मनातल्या मनात म्हटलं, बसा.

सुनेनं पाणी आणलं. "तुम्ही कोण, वळकलं न्हाई."

"आम्ही शिरूरचं घर घेतलं. आप्पा येतात ना दर महिन्याला आमच्याकडं."

"तुमच्याकडं?" ती म्हणाली. "शिरूरला तर ते डोळ्याच्या डॉक्टरकडं जातात. ड्रॉप आणायला."

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. त्यांची नजर मला अजून दिसते. दोन वर्षांत बिलाच्या कागदाशिवाय त्यांनी माझ्याकडं कधी काही मागितलं नव्हतं, त्या क्षणी मागत होते. मला एवढंच म्हणायचं होतं, की हो, डॉक्टरकडं आले की टेकतात आमच्याकडं घडीभर. एक वाक्य. मी ते म्हटलं नाही.

"डॉक्टर कुठला," मी म्हटलं, "मीटर बघायला येतात." आणि मग मला सुचतच गेलं. पंख्याचं सांगितलं, फ्रिजला हात लावायचं सांगितलं, अर्ध्या सहीचं तर नक्कल करून सांगितलं. सून आधी ओठ दाबून हसली, मग मोकळी हसली. मुलगा आतून बनियनवर बाहेर आला आणि दाराला टेकून ऐकत राहिला. तो हसला नाही.

"आप्पा, हितं काय कमी हाय तुम्हाला?" तो म्हणाला. "इकलेल्या घरात जाऊन उभं ऱ्हायचं? लोकं काय म्हणत्याल? आजपासनं शिरूर बंद. आन् ताईंना सही द्या."

मी पिशवीतून नवा फॉर्म काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. चष्मा त्यांच्या नाकावर होता. तरी ते म्हणाले, "वाचून करतो," आणि फॉर्मवर हात ठेवून खिडकीबाहेर बघत बसले.

परतीच्या एसटीत मी जिंकल्यासारखी बसले होते.

त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात, सकाळी साडेदहाला, वीज कंपनीची दोन माणसं शिडी घेऊन आली. अंगणात सहा बायका होत्या. पहाटेपासून भिजवलेला रवा परातींत होता. मी पुढं झाले तर त्यातल्या एकानं कागद दाखवला. मूळ ग्राहकाचा अर्ज होता, कनेक्शन कायमचं बंद करून मीटर काढून घ्यावं. खाली आप्पांची सही होती. पूर्ण, आडनावासकट.

तेवढ्यात रिक्षा थांबली आणि ते स्वतः उतरले. हातात कापडी पिशवी होती. मुलानं बंद केलेलं शिरूर त्यांनी कसं उघडलं, देव जाणे.

मी हात जोडले. हो, जोडले. "आप्पा, चाळीस घरांचा रवा आहे. आठ दिवस थांबा. मग न्या काय न्यायचं ते."

ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "तू थांबली व्हतीस का त्या दिशी?"

मी जोडलेले हात खाली घेतले. अंगणातल्या कुणालाच कळलं नाही, कसला दिवस. आम्हा दोघांना कळलं.

खांबावरची वायर सुटली. आत मशीन थांबलं आणि थांबताना त्याच्या जाळीतून अर्धवट शेवया लोंबत राहिल्या. मीटर भिंतीवरून निघालं, मागं चौकोनी पांढरा डाग उरला. आप्पांनी पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी फाकलं आणि शिडीखाली उभे राहिले.

"ह्यात ठेव," ते म्हणाले. "दौंडला न्यायचंय. माझ्या खोलीत लावायचंय."

शिडीवरचा माणूस थांबला. "आबा, मीटर कंपनीचं आसतंय. आफिसात जमा करायचंय."

"माझ्या नावावर हाय."

"नावावर कनेक्शन आसतंय. मीटर न्हाई."

"सव्वीस वरीस मी ह्याच्याकडं बघतोय."

"बघितलं आसंल. पर ते कंपनीचंच."

"मग माझं काय?"

तो माणूस वाईट नव्हता. त्यानं जरा विचार केला. "तुमचं काय न्हाई, आबा," तो म्हणाला. "कनेक्शन व्हतं, ते तुम्हीच बंद केलं." आणि त्यानं मीटर आपल्या गोणीत टाकलं.

आप्पा पिशवी फाकून तसेच उभे होते. एक बाई हसली, मग सगळ्या हसल्या. मीही हसले. माझा धंदा बंद पडला होता आणि मी त्या माणसाला हसत होते. रिक्षावाल्यानं त्यांच्या दंडाला धरून त्यांना बसवलं, तेव्हाही पिशवी उघडीच होती.

पलीकडच्या घरातल्या मावशी उठल्या. त्यांनी परात डोक्यावर घेतली आणि म्हणाल्या, "मशीन उचला. माझ्याकडं लावू. रवा आंबवायचा हाय का?" बाकीच्यांनी मशीन हातगाडीवर चढवलं. चाळीस घरांच्या शेवया मावशींच्या पडवीत झाल्या. एकही डबा परत गेला नाही. ही गोष्ट मी आजही सगळ्यांना सांगते.

त्याच दुपारी मी वीज कंपनीच्या ऑफिसात गेले. ह्या वेळी आत गेले. एक तरुण मॅडम बसल्या होत्या. त्यांनी खरेदीखत बघितलं, पानं चाळली आणि विचारलं, "घर तुमच्या दोघांच्या नावावर आहे. मग नाव बदलायला त्यांची सही कशाला हवी होती तुम्हाला? हा कागद पुरला असता."

"बाहेर झेरॉक्सवाला म्हणाला."

"आणि तुम्ही झेरॉक्सवाल्याचं ऐकून दोन वर्षं थांबलात?"

मी खाली बघितलं. दोन वर्षं मी त्या म्हाताऱ्याला शिव्या दिल्या, त्याच्या लेंग्याची, पेनाची, चालण्याची नक्कल केली, त्याच्या घरात जाऊन त्याला उघडं पाडलं. आणि लागत काय होतं, तर ह्या दारातून वीस पावलं आत यायचं.

नव्या कनेक्शनचा फॉर्म मी तिथंच भरला. अर्जदाराच्या नावापाशी थांबले. ह्यांना फोन लावला, हे शिफ्टवर होते. म्हणाले, "माझंच टाक की." मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि माझं नाव लिहिलं. कारण विचाराल तर माझ्याकडं मोठं काही नाही. गॅस ह्यांच्या नावावर, रेशनकार्ड सासऱ्यांच्या नावावर, शिक्रापूरचा करार ह्यांच्या नावावर. खरेदीखतातही माझं नाव ह्यांच्या खाली. एका कागदावर मला एकटीला बघायचं होतं.

अकराव्या दिवशी लाईट आली. धंद्याचं वेगळं कनेक्शन पावसाळ्यानंतर मिळालं. घराचं पहिलं बिल मात्र पुढच्याच महिन्यात आलं, ते मी उंबऱ्यावर उभं राहून वाचलं. ह्यांना नाव दिसलं तेव्हा ते जरा थांबले आणि म्हणाले, "बरं केलंस." एवढंच. बरं वाटलं की नाही, मी विचारलं नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आप्पा आले. ह्या वेळी फाटकापाशी थांबले. हातात काठी आली होती.

"येऊ का?"

त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "या." ते आत आले नाहीत, पायरीवर बसले. तिथून मान लांब करून नव्या मीटरकडं बघितलं. मी चहा आणला. मनात सगळं जुळवून ठेवलं होतं, काही टोचून बोलले तर काय परतवायचं ते. ते बशीत ओतून निवांत चहा प्याले.

"कुणाच्या नावावर घेतलं?"

"माझ्या."

"मालकाच्या न्हाई?"

"नाही."

मी वाट बघत होते. त्यांनी बशी खाली ठेवली.

"स्पेलिंग बघितलं का?"

"म्हणजे?"

"इंग्लिशमदी छापत्यात ना. माझ्या आडनावातलं एक अक्षर खाल्लं व्हतं त्येंनी. पयल्याच बिलापासनं. ते शेवटपत्तोर तसंच आलं."

दोन वर्षं ती बिलं माझ्या हातातून त्यांच्या हातात गेली होती. मी कधी तारखेपलीकडं वाचलं नव्हतं. "मग दुरुस्त का नाही करून घेतलं, आप्पा?"

"म्हणलं, हात लावायला गेलो आन् समदंच काढून टाकलं तर? आलंय कसंबसं, ऱ्हाऊ दे." त्यांनी काठी उभी केली, तिच्यावर दोन्ही हात ठेवले. "पर एक अक्षर गेलं का आडनाव दुसरंच व्हतंय. तसल्या आडनावाचा कोण हाय का म्हणून मी यार्डात इचारलं, गावात इचारलं. न्हाई. शिरूरमदी तसा माणूसच न्हाई."

असं म्हणून ते उठले. माफी मागितली नाही. मीही मागितली नाही. चारची गाडी होती, ते डेपोकडं चालत गेले. मी त्यांना रिक्षा करून द्यायला हवी होती. दिली नाही.

ते गेल्यावर मी कपाटातून बिल काढलं. खरं तर बघायची गरज नव्हती. पहिल्याच दिवशी उंबऱ्यावर उभी असताना मला दिसलं होतं, की माझ्या नावातलं एक अक्षर चुकलंय आणि वाचताना नाव दुसऱ्याच बाईचं होतंय. मी कुणाला बोलले नव्हते. ह्यांनाही नाही. मॅडम म्हणतील आधी का नाही बघितलं, हे म्हणतील माझंच टाकायचं होतंस, आणि त्या गडबडीत आहे तेही जाईल, असं मनात धरून चार-पाच महिने मी ते बिल घडी घालून ठेवत होते. दोन घड्या.

दुसऱ्या दिवशी दसरा, ऑफिस बंद. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी आधारकार्ड, खरेदीखत आणि सगळी बिलं पिशवीत घातली आणि ऑफिस उघडायच्या अर्धा तास आधीच दारात जाऊन उभी राहिले.